तुर्की चहा घरी कसा करायचा, आणि तो ॲपल टी तिथले लोक खरंच पितात का?

तुम्ही विचारलंय की इस्तंबूलला निघालेला मित्र ॲपल टीची पावडर आणू का म्हणतोय, ती मागवावी का, आणि तुर्की चहा, त्यातले वेगवेगळे स्वाद घरी जमतील का. पावडरचं आधी सांगतो, नका मागवू. बाकी सगळं घरी जमतं, सोपंच आहे, फक्त घाई करायची नाही.

मी कामानिमित्त दीड वर्ष तुर्कस्तानात, बुर्सा शहरात होतो. मोटारींचे कारखाने खूप आहेत तिथे, आपल्या चाकणसारखं समजा. दीड वर्षात माझं दहाबारा घरी तरी जाणं-येणं झालं असेल पण ॲपल टी मला एकाही घरात कुणी दिला नाही. तो मिळतो इस्तंबूलच्या मोठ्या बाजारात, गालिच्याच्या आणि मिठाईच्या दुकानात, पर्यटकांसाठी. साखर, आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड आणि सफरचंदाचा वास, गरम पाण्यात ढवळलं की झालं. चहाची पत्ती त्यात नसतेच.

तिथला खरा चहा म्हणजे आपल्या भाषेत कोरा चहा. दूध नाही. पहिल्या आठवड्यात मी कारखान्यातल्या चायजीकडे दूध मागितलं (चायजी म्हणजे चहावाला, त्याला सगळे आबी म्हणायचे, आबी म्हणजे आपलं दादा) तर त्याने काळजीने विचारलं की पोट बिघडलंय का, आणि वेगळ्या ग्लासात कोमट दूध आणून दिलं. त्यानंतर मी तिथे कधी दूध मागितलं नाही आणि खरं सांगतो महिन्याभरात त्याची आठवणही येईना.

आता मुख्य गोष्ट, ही समजली की बाकी सगळं आपोआप कळतं. आपण पातेल्यात पाणी, साखर, पूड, दूध एकत्र उकळतो, म्हणजे कडक की फिक्का, गोड की अगोड ते करणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि घरातले सगळे तेच पितात. तुर्की पद्धतीत चहाचा दाट अर्क वेगळा असतो, त्याला देम म्हणतात, आणि उकळतं पाणी वेगळं, दोन्ही एकत्र येतात ते प्रत्येकाच्या ग्लासात. ज्याला कडक हवा त्याला अर्धा ग्लास देम, त्याला म्हणायचं कोयु. फिक्का हवा तर देम पाव ग्लास आणि वर पाणी, तो आचिक. लहान मुलांना अगदी थोडा देम आणि वरून गार पाणी, त्याला पाशा चायी म्हणतात, म्हणजे पाशासाहेबांचा चहा, मुलं खूश. आमच्याकडे लहानपणी बशीत ओतून फुंकर मारून द्यायचे त्याची आठवण व्हायची मला. एकाच किटलीतून आजी, नातू आणि पाहुणा तिघांना तिघांच्या आवडीचा चहा मिळतो, आणि यजमानीण ओतायच्या आधी दर वेळी विचारते कसा देऊ. हे विचारणं मला फार आवडायचं.

भांडं म्हणजे चायदानलिक, एकावर एक दोन किटल्या. खालच्या मोठीत पाणी, वरच्या छोटीत पत्ती, ती छोटी म्हणजे देमलिक. आपल्याकडे विकत घेण्याची गरज नाही, मी सध्या एका छोट्या पातेल्यावर चिनी मातीची किटली बसवून करतो, फक्त ती पातेल्याच्या तोंडावर नीट टेकली पाहिजे, पाण्यात बुडायला नको. चारजणांसाठी खाली एक लिटर पाणी, वरच्या किटलीत ४-५ चमचे पत्ती कोरडीच टाकून वर ठेवून द्यायची, पाणी तापेपर्यंत ती खालच्या वाफेने गरम होते आणि वास सुटायला लागतो. पाणी खळखळ उकळलं की त्यातलं साधारण ४०० मिली पत्तीवर ओतायचं, खाली परत पाणी भरायचं, किटली परत वर आणि गॅस अगदी बारीक. मग १५ मिनिटं हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, आणि देम उकळू तर अजिबात द्यायचा नाही, उकळला की कडू झालाच समजा. सुरुवातीला पत्ती वर तरंगत असते, ती हळूहळू तळाला बसली की झाला. अर्ध्या तासात संपवायचा, नंतर तो शिळा लागतो आणि कुठल्याही तुर्की आजीला ते एका घोटात कळतं.

पत्ती कुठली हा प्रश्न येणारच. आपली रोजची दाणेदार पूड यात चालत नाही, म्हणजे करता येतो पण घशाला धरतो, करायचाच तर पूड निम्मी घ्या आणि ७-८ मिनिटांत उतरवा. आसाम किंवा निलगिरीची लांब पानांची पत्ती आणा, ऑर्थोडॉक्स लिहिलेलं असतं पाकिटावर. आणि तुर्की पत्ती नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, दियारबाकीर, उर्फा वगैरेकडे, लोक सिलोनची पत्तीच आवडीने पितात. सीमेपलीकडून चोरून यायची म्हणून तिचं नावच काचाक चाय पडलं, म्हणजे चोरटा चहा. आमच्या लाइनवरचा दियारबाकीरचा एकजण स्वतःचा डबा घेऊन यायचा आणि काळ्या समुद्राकडच्या लोकांशी रोज त्यावरून वाद घालायचा.

काळा समुद्र यासाठी की देशातला सगळा चहा तिकडेच पिकतो, रिझे आणि आसपासच्या जिल्ह्यांत. मी मे महिन्यात गेलो होतो, पहिल्या तोडणीच्या वेळी. समुद्रापासून सरळ वर चढणारे हिरवेगार डोंगर आणि सतत पाऊस, मला तर कोकणच वाटलं, फक्त हिवाळ्यात या चहावर बर्फ पडतो. पानं हाताने खुडत नाहीत, मोठ्या कात्रीने कापतात आणि कात्रीलाच पिशवी लावलेली असते. वाचून नवल वाटेल पण हे सगळं शंभर वर्षांच्या आतबाहेरचं आहे. त्याआधी हा कॉफीचा देश, अजूनही चहाच्या अड्ड्याला काहवेहाने म्हणजे कॉफीघर म्हणतात आणि आत बसून सगळे चहा पितात. ऑटोमन काळात १९व्या शतकाच्या शेवटी आमच्या बुर्सालाच चहा लावून पाहिला होता, हवा मानवली नाही. मग पहिल्या महायुद्धात साम्राज्य गेलं, त्याबरोबर जिथून कॉफी यायची ते येमेनही गेलं, आता कॉफी बाहेरून आणायची म्हणजे महाग. १९२४ मध्ये रिझे भागात चहाच्या लागवडीसाठी कायदा झाला, झिहनी देरिन नावाचे शेतीतज्ज्ञ त्यामागे लागले, शेजारच्या जॉर्जियातल्या बातुमीहून बी आणलं, आणि १९४७ ला रिझेत पहिला कारखाना उभा राहिला. आज दर माणशी वर्षाला ३ किलोच्या वर चहा पितात, आपलं एक किलोसुद्धा होत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोने तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या चहा संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं.

ग्लासबद्दल सांगायचं राहिलं. कमरेत बारीक असलेला, शंभरेक मिलीचा, त्याला इंजे बेल्ली म्हणजे बारीक कमरेचा असंच म्हणतात. काचेचाच पाहिजे कारण रंग दिसला पाहिजे, चांगल्या चहाच्या रंगाला तावशान कानी म्हणतात, सशाचं रक्त, तसा लाल आणि आरपार दिसणारा. मगमध्ये ओतला तर निम्मी मजा गेली. आपले कटिंगचे ग्लास मला यासाठी उत्तम वाटतात. साखर ग्लासात ढवळतात, पण एर्झुरूमकडे टणक साखरेचा खडा दातात धरून त्यावरून चहा पितात, कित्लामा म्हणतात त्याला. घरी खडीसाखरेने करून बघा, एक खडा दोन ग्लास पुरतो.

आता तुमचे स्वाद. काळ्या चहात फार काही घालत नाहीत, घातलंच तर देमलिकमध्ये पत्तीबरोबर दोन लवंगा किंवा दालचिनीचा एक तुकडा. लिंबू घालायचं तर ग्लासात, आणि चकती, पिळून नाही. याच्या पुढचं सगळं पत्तीशिवायचं असतं.

सफरचंदाचा हवाच असेल तर घरी करा. दोन सफरचंदांची सालं आणि मधला गाभा (बिया काढून), इंचभर दालचिनी, तीन लवंगा, लिटरभर पाण्यात बारीक गॅसवर १५ मिनिटं, गाळून चवीपुरता मध आणि शेवटी लिंबाचे चार थेंब. रंग फिक्कट सोनेरी येतो, चव पावडरीच्या दहापट चांगली. थंडीत यातच आलं, संत्र्याची साल आणि वाळलेलं जास्वंद टाकलं की तिथला किश चायी म्हणजे हिवाळ्याचा चहा जवळपास तसाच होतो.

सर्दीपडशाला नाने-लिमोन, ही मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. अर्धा लिटर पाण्याला एक चमचा वाळलेला पुदिना आणि अर्ध्या लिंबाच्या सालीसकट चकत्या, पाच मिनिटं उकळून गाळायचं. आपण गवती चहा टाकतो त्याच जातीचं काम. लिंबू जास्त उकळलं तर साल कडू उतरते एवढं सांभाळा.

आणि कायनार. अदाना, मेर्सिनकडे बाळ झालं की बघायला आलेल्यांना हे देतात, बाळंतीणही पिते. दालचिनीच्या दोन-तीन काड्या, सात-आठ लवंगा, सुंठेचा एक तुकडा, दीड लिटर पाण्यात अर्धा तास, पाणी तांबूस झालं की साखर, आणि ग्लासात ओतून वरून अक्रोडाचा भरड कूट चांगला चमचाभर. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा एकदम आमच्या घरचे बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आठवले, तीच सुंठ, तोच विचार. तुमच्या घरी कुणी बाळंतीण असेल तर मसाला कमी ठेवा आणि डॉक्टरांना विचारून द्या.

मित्राकडून काय मागवायचं तेही सांगतो. इहलामुर, म्हणजे लिंडनच्या झाडाची वाळवलेली फुलं, आपल्याकडे सहज मिळत नाहीत. जूनमध्ये फुलतं ते झाड आणि अख्ख्या गल्लीला मधासारखा वास येतो. चिमूटभर फुलं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवायची, जास्त ठेवलं तर बुळबुळीत होतं. दुसरं कुशबुर्नु, जंगली गुलाबाची फळं, लालभडक आणि कोकमासारखी आंबट. आणि रिझेची अर्धा किलो पत्ती. हे तिन्ही तिथल्या साध्या किराणा दुकानातून घ्यायला सांगा, मोठ्या बाजारातून नको, निम्म्या किमतीत येईल.

त्याला कुणी घरी बोलावलं तर एवढं लक्षात ठेवायला सांगा, ग्लास रिकामा दिसला की परत भरला जातो, पुरे म्हणायचं असेल तर चमचा ग्लासावर आडवा ठेवायचा. मला हे तिसऱ्या घरी कळलं, तोपर्यंत एका बैठकीत नऊ ग्लास झाले होते. आता पुण्यात आमची आई दुपारी चारला माझ्याबरोबर हाच चहा घेते, तिला फिक्काच लागतो, आणि दुसऱ्या ग्लासाला ती बरोबर "आचिक दे रे" म्हणते.