तालुक्याच्या हायस्कूलमधली गर्दी कमी करायची तर खोल्यांआधी पट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेचं हायस्कूल, आठवीच्या एकाच तुकडीत ८०-८५ मुलं, बाकावर चौघं-चौघं, तर नवीन खोल्या मागाव्यात की शाळा दोन पाळ्यांत भरवावी? मी यवतमाळ जिल्ह्यात अशाच एका हायस्कूलला मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे. माझ्या मते दोन पाळ्या शक्यतो नकोतच. खोल्या जरूर मागा, पण ते दुसरं काम.

पहिलं काम दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही उघडण्याचं. आठवीत आलेलं प्रत्येक पोरगं कोणत्या गावचं आणि सातवी कुठून झालेलं, याची गाववार यादी काढा. एक दुपार पुरते. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच असतं. तालुक्याला पाय ठेवायला जागा नाही आणि भोवतालच्या गावांतल्या शाळांत पट इतका कमी की गुरुजी वर्ग एकत्र बसवतात. गावची शाळा सातवीला संपते, म्हणून सगळा लोंढा आठवीला तुमच्या दारात येतो.

शिक्षण हक्क कायदा (२००९) आठवीपर्यंत लागू आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची सोय ३ किलोमीटरच्या आत हवी, आणि या वर्गांना दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. त्या हिशेबाने तुमच्या आठवीच्या तीन तुकड्या व्हायला पाहिजेत. म्हणजे सातवीपर्यंतच्या शाळांना आठवीचा वर्ग जोडा ही मागणी कायद्याला धरूनच आहे, आणि शासनाचं धोरणही बरीच वर्षं तेच आहे. नववी-दहावी मात्र या कायद्यात बसत नाही, तिथे हे कलम दाखवून उपयोग नाही.

मग हे होत का नाही? कोणी उघड बोलत नाही म्हणून मी लिहितो. आपल्याकडे शिक्षकाचं पद पटावर अवलंबून असतं. पट घसरला की संच मान्यतेत (शाळेला शिक्षकांची किती पदं ते शासन ठरवतं त्यात) पद जातं आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून गर्दीच्या नावाने सगळे ओरडतात, पण मुलं सोडायला कोणी तयार नसतं. तालुक्यातल्या खाजगी अनुदानित संस्थांनाही हीच आठवी हवी असते; जूनमध्ये त्यांचे शिक्षक दुचाकीवर गावोगाव फिरून दाखले गोळा करतात ते उगाच नाही. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढाल तेव्हा पहिला विरोध स्टाफरूममधूनच होईल, याची तयारी ठेवा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, ते लक्षात असू द्या. ठराव त्यांच्या जोरावर होतो.

पालकांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. गावच्या शाळेत आठवी उघडली आणि गणित-विज्ञानाचा विषय शिक्षकच नसला, तर कोणता बाप मुलीला तिथे ठेवेल? म्हणून सरसकट सगळीकडे वर्ग जोडा असं मी म्हणणार नाही. ज्या शाळेत हा शिक्षक प्रत्यक्ष हजर आहे, अशा दोन-तीन मोठ्या गावांपासून सुरुवात करा. तेवढ्यानेही तुमची एक तुकडी सहज हलकी होते.

आता पटाचे कागद. संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि अलीकडे ज्या मुलाचं आधार जुळलं तेच मोजलं जातं. वर्गात ८५ बसलेले असतात आणि संगणकावर ७० दिसतात ते त्यामुळे. आमच्याकडे तांड्यावरच्या मुलांचा हा घोळ फार असे. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, दाखल्यावर दुसरीच, बापाचं नाव एकीकडे एक आणि दुसरीकडे भलतंच. त्यात दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात, मग दुरुस्तीला माणूसच सापडत नाही. आधारचं शिबिर जुलै-ऑगस्टमध्ये शाळेतच लावून घ्या. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडते, त्यामुळे हातात वेळ तसाही कमी असतो. पट पूर्ण दिसला की वाढीव तुकडीचं तुमचं म्हणणं कागदावर उभं राहतं.

खोल्यांचं म्हणाल तर बांधण्याआधी आहेत त्या मोजा. आम्ही एक बंद खोली उघडली तर आत मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती आणि कोण्या जमान्यातला लोखंडी ग्लोब निघाला. रीतसर निर्लेखन करून, म्हणजे निकामी म्हणून नोंदीतून कमी करून, भंगार काढलं, चुना मारला, वर्ग तयार. सातवीतून नुकती आलेली एक मुलगी मागच्या बाकावरून रोज म्हणायची, "सर, मले फळा नाई दिसत." ती त्या खोलीत पहिल्या रांगेत आली.

पडक्या खोल्यांचं निर्लेखनही अडवून ठेवू नका. भिंतीला भेगा पडल्या म्हणून कुलूप लावलेली खोली यू-डायसच्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी संगणक प्रणालीच्या) माहितीत चांगल्या स्थितीत दिसत असेल, तर वर बसलेला माणूस म्हणणार की यांच्याकडे खोल्या आहेतच. पंचायत समितीच्या बांधकाम शाखेच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्या, यू-डायसमध्ये खरी स्थिती भरा, मग नव्या खोल्यांचा प्रस्ताव द्या. बारा भानगडी आहेत खऱ्या, पण क्रम हाच.

पैशासाठी समग्र शिक्षा ही सरकारी योजना आणि जिल्हा नियोजन समिती हे नेहमीचे रस्ते. तुमचा तालुका कोळसा किंवा मँगनीजच्या पट्ट्यात असेल (वणी, राजुरा, तुमसर वगैरे), तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी विसरू नका. खाणबाधित भागात शिक्षण हे त्या निधीच्या अग्रक्रमाच्या कामांत येतं. फक्त टिनाचं शेड घेऊ नका, कितीही लवकर मिळत असलं तरी. मार्चनंतर दुपारी त्यात बसून दाखवा म्हणावं.

दोन पाळ्यांना माझा विरोध एसटीमुळे आहे. सकाळची पाळी साडेसातची, आणि गावाकडची पहिली गाडीच नऊनंतर तालुक्याला पोचते. दुपारची पाळी साडेपाचला सुटते. हिवाळ्यात तेव्हा अंधारून येतं आणि शेवटची गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी निळी बस आहे, सगळं आहे. पण गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळली नाही तर बाप सरळ म्हणतो, नको जाऊ उद्यापासून. गर्दी कमी झालेली दिसेल, पण ती मुली गळाल्यामुळे. नाइलाजाने एखादं वर्ष पाळ्या कराव्याच लागल्या, तर बाहेरगावच्या सगळ्या मुली एकाच पाळीत घ्या, गावातली मुलं दुसऱ्या पाळीत टाका, आणि वेळापत्रक ठरवण्याआधी आगारप्रमुखाला भेटा, नंतर नाही.

गाववार यादी झाली की इथेच खाली टाका, मुलांची नावं सोडून. कोणत्या गावात आठवी उघडता येईल ते सांगतो.