आरोपीचं वकीलपत्र घेताना

प्रश्न : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला फौजदारी वकिली करायची आहे, तीही आरोपीच्या बाजूने. घरी रोज वाद होतात. बाबा म्हणतात, "चोरांना सोडवायला तुला शिकवलं का?" मला नीट उत्तर देता येत नाही. शिवाय एक भीती मलाही आहे. पक्षकारानेच सांगितलं, "मॅडम, मीच केलंय," तर मी काय करायचं?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुझ्या बाबांवर रागावू नकोस. ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या जागी उभं राहून ते बोलतायत, आणि त्या माणसाचं दुःख खरं असतं. माझी बावीस वर्षं या कामात गेली, तरी हा प्रश्न आला की मी आजही थांबून उत्तर देते.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक केस सांगते. एकोणीस वर्षांचा मुलगा, चोरीचा आरोप, जामीनदार मिळेना म्हणून तुरुंगातच. पोलिसांचं म्हणणं असं की, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याला मुद्देमालासह पकडलं, जागेवरच पंचांसमक्ष पंचनामा लिहिला आणि तो चार पन्नासला संपवला. दोषारोपपत्र मी तीनदा वाचलं, हाती काही लागलं नाही. चौथ्यांदा वाचताना पंचनाम्याच्या मथळ्यावर नजर अडकली. तिथे गुन्हा रजिस्टर नंबर होता. त्याच अक्षरात, त्याच शाईत, ओळीत व्यवस्थित बसलेला. फिर्यादीचं पान उलटलं. गुन्हा दाखल झाल्याची वेळ संध्याकाळी सात पस्तीस. गुन्हा दाखल झाल्याशिवाय नंबर पडत नाही. मग चार वाजता लिहिलेल्या कागदावर तो आला कसा?

उलटतपासात मी तपासी अंमलदारांना तीनच प्रश्न विचारले. पंचनामा जागेवरच लिहिला ना? हो. लिहून झाल्यावर त्यात काही भर घातली? नाही. गुन्हा किती वाजता दाखल झाला? सात पस्तीसला. आणि मी खाली बसले. "मग नंबर कुठून आला?" हा प्रश्न अगदी ओठावर आला होता. तो विचारला असता तर खुलासा करायची वाट मीच उघडून दिली असती. माझ्या सिनिअरांनी हे एकच मला बजावून बजावून शिकवलं होतं : जे हवं ते रेकॉर्डवर आलं की तोंड मिटायचं, बाकीचं युक्तिवादात बोलायचं. पुढे एका पंचाने आपण पोलीस ठाण्यात सह्या केल्याचं कबूल केलं. मुलगा निर्दोष सुटला. तोवर त्याचे चौदा महिने आत गेले होते.

त्याने चोरी केली होती का? मला आजही माहीत नाही. एवढं मात्र माहीत आहे की, ज्या कागदावर त्याला शिक्षा होणार होती, तो कागद सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी लिहिलेला नव्हता. बाबांना ही केस सांग. असाच कागद उद्या त्यांच्या नावाने तयार झाला, तर तो चौथ्यांदा वाचणारं कुणी त्यांना हवं असेल की नाही, हे विचार.

आता तुझी भीती. पक्षकाराने तुला विश्वासाने जे सांगितलं ते तुझ्यापाशीच राहतं. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम १३२ने त्याला संरक्षण दिलं आहे. मात्र पुढे करायच्या गुन्ह्यासाठी कुणी तुझा सल्ला घ्यायला आला, तर तिथे हे संरक्षण नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही स्पष्ट आहेत : आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये ही कायद्याचीच अपेक्षा आहे. कबुलीनंतरही तू सरकार पक्षाचा पुरावा तपासू शकतेस, शिक्षा कमी व्हावी म्हणून भांडू शकतेस. खोटा साक्षीदार उभा करणं, "तो त्या दिवशी गावातच नव्हता" असं रचून सांगणं, हे करायचं नाही. ही रेघ मी एकदाही ओलांडलेली नाही, आणि त्यापायी पक्षकार गमावले आहेत.

"अशा माणसाचं वकीलपत्र कुणीच घेऊ नये" असे ठराव वकील संघटना अधूनमधून करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. पसंतीचा वकील मिळण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ने अटक झालेल्या प्रत्येकाला दिला आहे. माणसं चिडलेली असतात तेव्हाच त्याची कसोटी लागते.

प्रश्न : दोन वर्षं सिनिअरांकडे आहे. तारखा घेणं आणि झेरॉक्स काढणं, एवढंच काम मिळतं. उलटतपास शिकायचा कसा?
(एक ज्युनिअर वकील)

उत्तर : तारीख घेऊन झाली की कोर्टातून निघू नका. पुरावा चालू असेल तिथे मागच्या बाकावर बसा. साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. जबाबात नसलेली कुठली महत्त्वाची गोष्ट तो साक्षीत पहिल्यांदा सांगतोय, हे स्वतः शोधा. आणि झेरॉक्स काढता काढता तो कागद वाचून घ्या. मीही तेच केलं.

प्रश्न : माझा मुलगा कोठडीत आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. कुणी म्हणतं, साठ दिवसांनी आपोआप सुटेल. खरं का?
(एक आई)

उत्तर : ताई, आपोआप कुणी सुटत नाही, अर्ज करावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७प्रमाणे, फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करायचं असतं. नाही केलं, तर जामीन हा मुलाचा हक्क होतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वाढते, म्हणून कलमं वकिलाला दाखवा. दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने मुलाला पहिल्यांदा कोठडीत ठेवायचा आदेश दिला तेव्हापासून मोजायचे, रिमांडचा तो दिवस धरून. मुदत संपल्यावर एक दिवसही थांबू नका. तुमच्या अर्जाआधी दोषारोपपत्र आलं, तर हा हक्क हातचा जातो.

पैशाची काळजी करू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२मध्ये तशी तरतूद आहे. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे उद्याच जा, किंवा १५१०० या नंबरावर फोन करा. जाताना अटकेचा मिळेल तो कागद आणि फिर्यादीची प्रत न्या. पहिल्या रिमांडची तारीख मुलाला विचारू नका, त्या गडबडीत ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. ती रिमांडच्या कागदांवर असते, वकिलाला आधी तेच काढायला सांगा.