रडवणारे सिनेमे बघायला सुरुवात करतोयस तर एवढं ऐक

अरे पहिलं म्हणजे यूट्यूबवरच्या 'सॅड सीन'च्या क्लिपा बघू नकोस, नवीन लोक हमखास तिथेच फसतात. 'श्वास' (२००४) मध्ये ऑपरेशननंतर नातवाची नजर जाणार हे कळल्यावर आजोबा त्याला हॉस्पिटलमधून बाहेर फिरायला नेतात, आता हे नुसतं चार मिनिटं बघून काय डोंबल कळणार, आधीची सगळी धावपळ बघितलेली असेल तरच गळा दाटून येतो.

दुसरं, लोकलमध्ये मोबाईलवर बघू नको. ठाण्याला उतरायच्या घाईत 'सैराट'चा शेवट वाया जातो, कारण तिथे आवाजच काढून घेतलाय आणि तुझ्या डब्यात भजन चालू.

आणि फक्त मरणाच्या सीनची वाट बघत बसू नको. 'फँड्री'त डुक्कर पकडायच्या ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सिनेमाचा हिरो, शाळकरी पोरगा जब्या जागीच उभा, घरचेही उभे, डुक्कर निवांत निघून जातं. लोक हसतात तिथे! माझ्या मते अख्ख्या सिनेमात तोच सगळ्यात जास्त वाईट वाटायला लावणारा क्षण.

- एका दिवशी एकच
- पहिला 'आनंद' (१९७१) घे, हसवत हसवत नेतो
- 'सैराट' रविवारी रात्री नको, सोमवारी ऑफिस असतं

कॅमेरा, एडिटिंग वगैरे नंतर बोलू.