परिचारिकांच्या संघटनेचं धर्मादाय फाउंडेशन काढायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: नागपुरात तुमची नर्सेसची नोंदणीकृत युनियन आहे, सभासद बहुतेक सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टर आहेत आणि वर्गणीतून काही रक्कम शिल्लक पडली आहे. त्यातून फाउंडेशन काढून नर्सिंगच्या मुलींना आणि अडचणीतल्या सिस्टरांना मदत करायचा विचार आहे, पण त्यासाठी वेगळी संस्था लागते का, हे तुम्हाला विचारायचंय. मी परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. सध्या नर्सिंगच्या मुलींच्या फीला हातभार लावणाऱ्या एका छोट्या ट्रस्टवर विश्वस्त आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

वेगळी संस्था लागतेच. पण फॉर्म कुठला भरायचा हे नंतर बघा, आधी मदत कोणाला करायची ते ठरवा. बैठकीत पहिलं वाक्य बहुधा असं येतं: "पैसा आपल्या सभासदांचा, तर मदतही सभासदांनाच." भावना रास्त आहे, पण त्या वाक्यावर धर्मादाय संस्था उभी राहत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय प्रयोजनं दिली आहेत: गरिबी किंवा आपत्तीत साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, सर्वसाधारण लोकोपयोगी काम. हे सगळं जनतेसाठी किंवा जनतेच्या एखाद्या ठळक वर्गासाठी हवं. नोंदणीकृत परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी हा असा वर्ग मानता येतो. तुमच्या युनियनची पावती फाडलेल्या तीनशे जणी हा मात्र तसा वर्ग होत नाही.

सभासदांचं काय मग? त्यांच्यासाठी युनियनच पुरेशी आहे. ट्रेड युनियन कायदा १९२६ च्या कलम १५ मध्ये सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येतो त्याची यादी होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता २०२० ने घेतली आहे. सभासदाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मदत, आजारपण, अंत्यविधीचा खर्च, सभासदांच्या मुलांचं शिक्षण हे त्या यादीत बसायचं. ते युनियनच्या खात्यातूनच चालू ठेवा, त्यासाठी ट्रस्ट नको. त्या यादीतही सगळे खर्च बसत नव्हते, म्हणून युनियनमधून फाउंडेशनला मोठी रक्कम वळवण्याआधी नव्या संहितेखालचे नियम वकिलाकडून तपासून घ्या, युनियनची घटना (नियमावली) त्यांना दाखवा आणि आमसभेचा ठराव करून घ्या. बीजभांडवल सभासदांनी स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या नावाने दिलेलं सगळ्यात स्वच्छ.

आता फाउंडेशन कोणासाठी, यावर माझं ठाम मत आहे. नागपुरातल्या धंतोली आणि रामदासपेठेतल्या छोट्या खाजगी हॉस्पिटलांत रात्रपाळी करणाऱ्या मुली बघा. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करायला आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांना जीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधी) नाही, वैद्यकीय प्रतिपूर्ती नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या ठिकाणी सहसा ईएसआयसीही (कर्मचारी राज्य विमा) नसतं. सुई टोचली, पाठ धरली, बाळंतपण आलं की पगार बंद. त्या कुठल्याच युनियनच्या सभासद नाहीत, कारण सभासद झाल्याचं कळलं तर नोकरी जाईल ही धास्ती असते. मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांतल्या आपल्यासारख्यांना निदान कोणीतरी विचारणारं असतं. तुमचं फाउंडेशन ह्या मुलींसाठी असेल तर ते खरोखर गरजेचं ठरेल, आणि कायद्याच्या कसोटीलाही उतरेल. न्यासपत्रात (ट्रस्ट डीडमध्ये) स्पष्ट लिहा: सभासदत्वाची अट नाही, आणि विश्वस्तांच्या नातेवाइकांना लाभ नाही.

रचनेबद्दल थोडक्यात. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात जण लागतात, शिवाय दरवर्षी आमसभा आणि ठरलेल्या मुदतीने निवडणूक. महाराष्ट्रात त्या सोसायटीची ट्रस्ट म्हणूनही नोंद होतेच. युनियनची एक निवडणूक सांभाळताना दम लागतो, तिथे दुसरी कशाला? सरळ न्यासपत्र करून १९५० च्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ खाली धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी तुमच्या आकाराला जड पडेल.

खरी काळजी विश्वस्तांच्या नेमणुकीची. युनियनचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष पदसिद्ध (पदामुळे आपोआप) विश्वस्त ठेवले की प्रत्येक निवडणुकीनंतर विश्वस्त बदलणार, आणि प्रत्येक बदलाचा चेंज रिपोर्ट (बदल अर्ज) त्याच अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागणार. हरलेल्या गटाने हरकत घेतली की प्रकरण रेंगाळतं. बँक सह्या बदलत नाही, आणि तिकडे मुलीची परीक्षा फी भरायची तारीख निघून जाते. म्हणून सात विश्वस्त असतील तर युनियनचे दोनच घ्या. बाकी निवृत्त अधिसेविका (मेट्रन), नर्सिंग कॉलेजातल्या एखाद्या शिक्षिका, एक सीए आणि शक्य झालं तर खाजगी हॉस्पिटलात काम करणारी एक सिस्टर.

निवृत्त लोक घ्या म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ प्रमाणे सेवेतल्या सरकारी कर्मचाऱ्याला निधी गोळा करण्याच्या कामात भाग घ्यायला पूर्वपरवानगी लागते. वॉर्डात पावतीपुस्तक घेऊन फिरणारी स्टाफ नर्स उगाच चौकशीत अडकेल. रुग्णाच्या नातेवाइकांकडून तर एक रुपयाही घेऊ नका, परवानगी असली तरी.

देणगीदार करसवलत विचारतील. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत, पण ट्रस्टची नोंदणी आणि देणगीदाराला सवलत देणारी, जिला सगळे अजून ८०जी म्हणतात ती मान्यता, दोन्ही लागतातच. आधी तात्पुरती मिळते, तीन वर्षांसाठी, मग काम दाखवून नियमित. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, म्हणून सुरुवातीपासून चेक किंवा यूपीआयच. नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी लगेच मिळेल असं मात्र कोणाला सांगू नका. बाहेरच्या संस्थेला त्यासाठी किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो.

तोवर हिशेब साधा ठेवा. दहा लाखांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला सत्तर हजार हाती येतात. तेवढ्यात जमतील तेवढ्याच मुली घ्या, पण अभ्यासक्रम संपेपर्यंत त्यांना सोडू नका. पहिल्या वर्षी दहा जणींना थोडं थोडं देऊन दुसऱ्या वर्षी हात वर केले, तर मधेच शिक्षण सुटलेल्या मुलीचं जास्त नुकसान होतं. १२ मेच्या परिचारिका दिनाचा सत्कार, शाली, हॉलचं भाडं यातला एकही रुपया फाउंडेशनवर टाकू नका. तो खर्च युनियनने करावा.

न्यासपत्राचा कच्चा मसुदा झाला की उद्दिष्टांचं आणि विश्वस्त नेमणुकीचं कलम इथे टाका, नावं आणि पत्ते काढून. मी वाचून सांगेन.