क्वारंटाइनमधले चाळीस दिवस कुणाचे?

प्रश्न असा आहे: 'क्वारंटाइन' म्हणजे चाळीस दिवस, मग चौदा दिवसांना तो शब्द वापरणं चूक नाही का? आणि मराठीत 'विलगीकरण' चालेल का?

दिवसांची चूक नाही. खरी चूक रोज कानावर आदळते ती अशी: 'ताप आला म्हणून त्याला क्वारंटाइन केलं.' ताप आलेल्याला वेगळं ठेवतात ते आयसोलेशन. क्वारंटाइन होतं ते धडधाकट दिसणाऱ्या संशयिताचं, जहाजाचं, मालाचं.

पहिला कायदा तर तीसच दिवसांचा. रागुसा, म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्निक. तिथल्या महासभेने 1377 साली ठरवलं की साथीच्या मुलखातून येणाऱ्याने आधी मर्कान बेटावर किंवा त्सावतात गावी महिनाभर राहावं, मगच शहरात शिरावं. परवानगीवाचून त्यांना अन्न पोचवणारा गावकरीही महिनाभर तिथेच अडके. पुढे मुदत चाळीसवर गेली आणि व्हेनिसच्या बोलीतला 'चाळीस दिवस' या अर्थाचा शब्द सगळीकडे रुळला.

चाळीसच का? काही विद्वान लगेच प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसला पुढे करतात: तीव्र आजाराचा निकाल चाळीस दिवसांत लागतो, असं त्याच्या परंपरेत मानत. मला हे साफ अमान्य आहे. हा आकडा वैद्याचा नाही, वकिलाचा आणि पाद्र्याचा आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा. सरदाराची लष्करी चाकरी साधारण चाळीस दिवसांची. 1208 साली दक्षिण फ्रान्समधल्या कॅथर पंथीयांवर पोपने धर्मयुद्ध पुकारलं, तेव्हा पापदंडातून सूट मिळवायलाही चाळीस दिवस लढणं पुरे होतं. 1209 मध्ये तिथलं कार्कासोन शहर पडलं, मुदत भरली आणि बहुतेक फौज घरी गेली. मोहिमेचा म्होरक्या सिमों द माँफोर मूठभर लोकांनिशी मागे उरला. इंग्लंडच्या 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या सातव्या कलमात विधवेला नवऱ्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा हक्क आहे. इंग्रज वकील त्या हक्कालाच 'क्वारंटाइन' म्हणत, आणि इंग्रजीत हा अर्थ रोगाच्या अर्थाहून जुना! मुदत म्हटली की चाळीस, हे युरोपच्या अंगवळणी आधीच पडलेलं होतं.

निरीक्षणातून आकडा ठरता तर तो लहान निघता. गाठीच्या प्लेगची लक्षणं बहुधा आठवड्याच्या आत दिसतात. घात होई तो मालातून: माणसं सुखरूप सुटत, पण लोकरी-कापडाच्या गठ्ठ्यांत पिसवा टिकून राहत. व्हेनिसने 1423 मध्ये एका बेटावर रोग्यांसाठी लाझारेत्तो, म्हणजे साथीत माणसांना वेगळं ठेवायचं ठिकाण, उघडलं आणि 1468 मध्ये संशयितांसाठी दुसरं. या दुसऱ्या बेटावर गठ्ठे सोडून माल वाऱ्यावर पसरत, त्याला वनस्पतींची धुरी देत. म्हणजे आयसोलेशन आणि क्वारंटाइन यांना तेव्हाच दोन वेगळी बेटं होती.

आता यातली गंमत. लॅटिन 'क्वाद्रागिंता' आणि संस्कृत 'चत्वारिंशत्' एकाच मुळाचे, म्हणून आपलं 'चाळीस' क्वारंटाइनचं सख्खं भावंड. गोव्यातलं 'कोरेज्म', म्हणजे तोच उपवासकाळ, पोर्तुगीज 'क्वारेज्मा'मधून आलं. तेही याच घरातलं.

'विलगीकरण' रोग्यासाठी राखा. संशयितासाठी 'अलगीकरण' म्हणा, नाहीतर सरळ क्वारंटाइन.