पायथनमध्ये सिंगलटन: ऑब्जेक्ट एकच, तरी व्हॅल्यू का जातात?

प्रश्न: नमस्कार सर, मी इंजिनिअरिंगला आहे, म्हापशाच्या एका गेस्ट हाऊससाठी पायथनमध्ये बुकिंगचा प्रोजेक्ट करतोय. सेटिंग्जचा ऑब्जेक्ट सगळीकडे एकच हवा (म्हणजेच सिंगलटन) म्हणून 'डंडर न्यू' (ऑब्जेक्ट बनवणारी __new__ मेथड) ओव्हरराइड केलं. ऑब्जेक्ट एकच राहतो, पण पावसाळ्यातले रेट भरले की मधेच पुसले जातात. असं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: अरे, न्यू बरोबर आहे तुझं, गडबड 'इनिट'ची (ऑब्जेक्टमध्ये सुरुवातीच्या व्हॅल्यू भरणाऱ्या __init__ मेथडची) आहे. क्लास कॉल केला की पायथन आधी न्यू चालवतं आणि त्यातून त्याच क्लासचा ऑब्जेक्ट आला की लगेच इनिटही चालवतं, ऑब्जेक्ट जुना असला तरी, त्यामुळे तू इनिटमध्ये रेटची जी रिकामी डिक्शनरी ठेवली असशील ती दर वेळी नव्याने बसते आणि भरलेलं सगळं जातं. मेटाक्लासमध्ये (म्हणजे ज्यापासून क्लासच बनतो त्या क्लासमध्ये) 'कॉल' (__call__) ओव्हरराइड केलंस तर हे टळेल, पण एवढ्याशा कामाला मेटाक्लास कशाला! सरळ सेटिंग्जची वेगळी फाइल कर, ऑब्जेक्ट तिथेच बनव आणि हवं तिथे इम्पोर्ट कर. मॉड्यूल, म्हणजे ती फाइल, पहिल्या इम्पोर्टला एकदाच रन होतं, मग सिस डॉट मॉड्यूल्समध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या पायथनच्या नोंदीत) कॅश राहतं, पुढे सगळ्यांना तेच मिळतं. मला तरी हीच पद्धत सगळ्यात आवडते, वाचणाऱ्यालाही पटकन कळते. फक्त इम्पोर्ट सगळीकडे एकाच नावाने कर हं, तीच फाइल दोन वेगळ्या नावांनी आली तर पायथन दोन मॉड्यूल धरतं, ऑब्जेक्टही दोन होतात. आणि सर्व्हरवर ३-४ वर्कर प्रोसेस (तुझ्याच प्रोग्रामच्या वेगवेगळ्या चालणाऱ्या प्रती) असतील तर प्रत्येकाचा ऑब्जेक्ट वेगळा, म्हणून बुकिंग्ज मात्र डेटाबेसमध्येच ठेव.