वर्गमित्र ब्रिटनला गेला, आता मुलीला जायचंय

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. मिरज मेडिकल कॉलेजची आमची १९८१ ची बॅच. आमचा एक वर्गमित्र १९८८ मध्ये ब्रिटनला गेला आणि पुढे वेल्समध्ये जेरियाट्रिक्सचा, म्हणजे वृद्धांच्या आजारांच्या शाखेचा, कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) झाला. गेल्या महिन्यात तो वारला. बॅचच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल खूप लिहून आलं. तिथल्या एका सिस्टरने लिहिलंय की म्हाताऱ्या पेशंटला घरी सोडण्याआधी तो वॉर्डच्या छोट्या स्वयंपाकघरात तिला स्वतःच्या हाताने चहा करायला लावायचा आणि समोर बसून तो प्यायचा. हे सगळं वाचून माझी मुलगी म्हणते, 'मलाही काकांसारखंच व्हायचंय. इथली नीट-पीजी प्रवेश परीक्षा देत नाही, सरळ ब्रिटनची प्लॅब देते.' ती सध्या इंटर्नशिप करते आहे. खरं तर मलाही तेव्हा जायचं होतं, पण वडिलांचं आजारपण निघालं आणि राहिलो. त्याची पहिल्या तीन-चार वर्षांतली एरोग्राम पत्रं माझ्याजवळ आहेत. सर्जन व्हायला गेलेला माणूस त्यात पार खचलेला दिसतो. नाव बघूनच अर्ज बाजूला टाकतात, असं तो लिहायचा. तेव्हा मला ते रडगाणं वाटायचं. ही पत्रं मुलीला दाखवू का? डिसेंबरात मिरजेला बॅच जमणार आहे, त्याची मुलगीही येणार आहे. तिथे मी त्याच्याविषयी बोलायचं ठरलंय. काय बोलू?

उत्तर :

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

पत्रं दाखवा. आधी तीच दाखवा, बाकीचं मग बोलू.

ग्रुपवर जे लिहून आलंय ते मनापासूनच आलेलं आहे. पण लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना तुमचा मित्र भेटला तो कन्सल्टंट झाल्यावर, चाळिशीनंतर, बस्तान बसल्यावर. तुमची मुलगी आज चोविशीच्या आसपास असणार. त्या वयातला तिचा काका तुमच्याजवळच्या एरोग्राममध्येच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तिला निर्णय त्या वयात घ्यायचाय, तर तिने आधी त्यालाच भेटायला हवं.

पत्रं देताना त्या काळचे नियमही तिला सांगा, नाहीतर ती नुसतीच उदास करणारी पत्रं वाटतील. १९७५ पर्यंत भारतातली एमबीबीएस ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलला, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, सरसकट चालायची. त्या वर्षी ही सवलत गेली आणि बाहेरच्या डॉक्टरांसाठी परीक्षा सुरू झाली. तीच पुढे प्लॅब. मग १९८५ मध्ये आणखी एक अट आली : वर्क परमिटशिवाय प्रशिक्षणाच्या जागेवर काम करता येईल, पण चारच वर्षं. म्हणजे १९८८ मध्ये तुमचा मित्र तिथे उतरला तेव्हा पहिल्या दिवसापासून मुदत मोजली जात होती. ज्युनियरच्या जागा बहुधा सहा-सहा महिन्यांच्या. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या जाहिराती चाळायच्या, बायोडेटाच्या प्रती काढायच्या, पोस्टात टाकायच्या. एका जागेवर रुजू होतो न होतो तोच पुढच्या जागेसाठी अर्ज सुरू. मधे नोकरी नसेल तर बिनपगारी क्लिनिकल अटॅचमेंट करायची, म्हणजे कन्सल्टंटच्या मागे उभं राहून बघायचं आणि ओळखीच्या कुणाच्या तरी खोलीत झोपायचं. अशा चार वर्षांत फेलोशिपही (सर्जनची पदव्युत्तर पात्रता) मिळवायची आणि सर्जरीतली पुढची जागाही, हे तिथल्या मुलांनाही सोपं नव्हतं.

नावाबद्दल तुमचा मित्र जे लिहीत होता त्यात तथ्य होतं. अनीझ इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या ब्रिटनमधल्याच दोन डॉक्टरांनी ज्युनियरच्या जागांसाठी जोडीजोडीने अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक एवढाच की एकावर इंग्रजी नाव आणि दुसऱ्यावर आशियाई. १९९३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. इंग्रजी नावाची निवड मुलाखतीसाठी दुपटीने होत होती, आणि अर्जातले आशियाई डॉक्टर ब्रिटनमध्येच शिकलेले दाखवले होते! खोटे अर्ज केले म्हणून त्या दोघांना अटकही झाली होती. मिरजेहून गेलेल्या मुलाच्या अर्जाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. मुलीला पत्रं देताना हेही सांगा. तिच्या काकांना भास होत नव्हते.

आता जेरियाट्रिक्स. तिथल्या पदवीधरांना जिथे जायचं नसे तिथे बाहेरच्यांना जागा मिळत : मानसोपचार, वृद्धांचे वॉर्ड, वेल्सच्या कोळसा-खाणींच्या खोऱ्यांमधली जनरल प्रॅक्टिस. वृद्धांचे वॉर्ड पुष्कळ ठिकाणी जुन्या वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांना ठेवायच्या इमारतींत असत. अशाच एका ठिकाणच्या वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना डॉ. मार्जोरी वॉरन यांनी १९३५ पासून लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात एकेक करून तपासलं, उठवून बसवलं, चालवलं, आणि कित्येकांना घरी पाठवलं. या शाखेची सुरुवात तिथून झाली. ती पुढे ब्रिटनभर उभी राहिली त्यात आपल्याकडून, पाकिस्तान-श्रीलंकेतून गेलेल्या डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. सर्जरीचं दार बंद झाल्यावर तुमचा मित्र या रांगेत येऊन उभा राहिला.

आणि तिथे त्याने जीव लावून काम केलं. सिस्टरने लिहिलेली चहाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. भरलेली किटली उचलताना हातातली ताकद कळते, वळताना तोल कळतो. आधी पाणी, मग चहा, मग दूध हा क्रम लक्षात राहतो का, बटण बंद करायचं सुचतं का, हेही कळतं. एकटी राहणारी ऐंशीची बाई उद्या आपल्या घरात नीट राहील की पडून परत येईल, हे रक्ताच्या रिपोर्टपेक्षा त्या पाच मिनिटांत जास्त समजतं. ही तपासणी तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पेशंटला जमतात का ते बघणारे, करतात. कन्सल्टंटने समोर बसून तो चहा प्यायचा, असा नियम कुठेच नाही. ते या माणसाचं स्वतःचं. मुलीला काकांसारखं व्हायचं असेल तर मला वाटतं तिला हेच आवडलं असणार. तिला एकदा तसं विचारून बघा, कारण यासाठी वेल्सलाच जायला हवं असं नाही.

प्लॅबचं आजचं चित्र थोडक्यात सांगतो. पहिला पेपर १८० प्रश्नांचा, तीन तासांचा, तो भारतात देता येतो. दुसरी, पेशंटसमोरची परीक्षा फक्त मँचेस्टरला होते. शिवाय इंग्रजीची परीक्षा, नोंदणी, व्हिसा, प्रवास हे सगळं धरून खर्च काही लाखांत जातो. त्यात यश मिळालं की नोंदणी मिळते. नोकरी मिळतेच असं नाही. आज एकेका ज्युनियर जागेवर अर्जांचा ढीग पडतो, आणि प्रशिक्षणाच्या जागांवर ब्रिटनमध्ये शिकलेल्या पदवीधरांना प्राधान्य द्यायचं धोरण तिथल्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. परमिटशिवाय प्रशिक्षणाची जुनी सवलत तर २००६ मध्येच संपली. तुमचा मित्र ज्या दाराने आत गेला ते दार आता त्या जागी नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : नीट पीजी सोडू नये. आधी इथे मेडिसिन किंवा जेरियाट्रिक्समध्ये एमडी करावं. बरोबरीने एमआरसीपीचे, म्हणजे ब्रिटनच्या मेडिसिनमधल्या पदव्युत्तर परीक्षेचे, टप्पे देता येतात, त्यासाठीही भारतात केंद्रं आहेत. मग तिकडे जायचंच असेल तर मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हसारख्या योजनेतून जास्तीत जास्त दोन वर्षं काम शिकून परत येता येतं. हातात एमडी असलेल्या डॉक्टरला तिथे नुसत्या प्लॅबवाल्यापेक्षा वेगळं वागवलं जातं, आणि परत यावंसं वाटलं तर इथे पाय ठेवायला जमीन असते. सरकारी कॉलेजची असेल तर एक वर्षाच्या बंधपत्रित (बाँडच्या) सेवेचं गणितही यात आधीच धरा.

जेरियाट्रिक्सचं नाव काढलं की 'त्यात काय स्कोप?' हा प्रश्न घरोघरी येतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती, आणि त्यानंतर ती वाढलीच आहेत. डॉ. व्ही. एस. नटराजन ब्रिटनमध्ये हा विषय शिकून परत आले आणि १९७८ मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला; १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचं एमडी सुरू झालं. आपल्याकडे वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचं जे. जे. रुग्णालय हे प्रादेशिक केंद्र आहे. जागा अजून थोड्या आहेत, हे खरं. पण सांगली-साताऱ्याकडच्या गावांत मुलं पुण्या-मुंबईला, अमेरिकेला, आणि घरात दोघंच म्हातारी, हे तुमच्या ओपीडीत तुम्ही रोज बघता. त्यांच्याकडे नीट बघणारा शिकलेला डॉक्टर तुमच्या तालुक्यात किती जण आहेत?

मुलीला इंटर्नशिपमध्येच एक करता येईल. मेडिसिनच्या पोस्टिंगला म्हातारा पेशंट आला की त्याला खुर्चीतून उठायला सांगायचं, तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगायचं, आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवायची. गोळ्या किती आणि कुणाकुणाच्या चिठ्ठीवरच्या आहेत ते बघायचं. घरी कोण असतं ते विचारायचं. महिनाभर हे करताना ती कंटाळली तर बरं झालं, लवकर कळलं. नाही कंटाळली तर तिचा विषय सापडला.

तुमच्याविषयी एकच सांगतो, राग मानू नका. 'मलाही जायचं होतं' हे वाक्य तुम्ही मुलीबद्दलच्या पत्रात लिहिलंत. तिच्याशी बोलताना ते आधीच मोकळेपणाने सांगून टाका. नाहीतर तुम्ही 'जाऊ नको' म्हणालात तर तिला तुमची भीती ऐकू येईल, 'जा' म्हणालात तर तुमची राहिलेली इच्छा. वडिलांसाठी मागे राहून तुम्ही इतकी वर्षं एका तालुक्याची प्रॅक्टिस सांभाळलीत, त्याबद्दल मला आदर आहे, आणि तिलाही असणार.

डिसेंबरात काय बोलायचं ते तुमच्याजवळच आहे. मित्राच्या यशाबद्दल बाकीचे बोलतील. तुम्ही १९८८ ते १९९२ बद्दल बोला. सर्जरी हुकली ते सांगा, अर्जांचं सांगा, आणि तेव्हा तुम्हाला ते रडगाणं वाटलं होतं हेही तिथेच सांगा. मात्र त्याआधी त्याच्या मुलीला फोन करा. पत्रं खासगी आहेत. काय वाचायचं आणि काय नाही, हे तिने आणि तिच्या आईने ठरवावं. वडिलांची ती वर्षं तिलाही ठाऊक नसण्याची शक्यता आहे; परदेशात वाढलेल्या मुलांना आईवडील बहुधा त्या दिवसांबद्दल सांगत नाहीत. मूळ पत्रं तिला द्या आणि स्वतःसाठी प्रती काढून ठेवा.

तुमच्या मुलीने पत्रं वाचली, महिनाभर ओपीडीत ते घड्याळ लावून बघितलं, की तिला मला स्वतः लिहायला सांगा. नीट पीजी आणि एमआरसीपीचा पहिला पेपर यांच्या तारखा कशा जुळवायच्या, ते आम्ही दोघं बसून ठरवू.